व्यक्तिमत्त्व चाचणी: कुठली द्यावी, कशी द्यावी आणि रिपोर्टचं पुढे काय करावं

बेळगावात आता व्यक्तिमत्त्व चाचणी कुठूनही समोर येते. उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर करायच्या आधी ट्रेनिंगवाले देतात, इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटच्या दिवसांत देतात, विमा एजंटांच्या शिबिरात देतात, आणि व्हॉट्सॲपवर तर कुणी ना कुणी लिंक टाकतंच. चाचणी देणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "पास व्हायला किती लागतात ओ?" पास-नापास काही नसतं म्हटलं की दुसरा: "मग उपयोग काय?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये एक चाचणी दिली, नंतर स्वतःसाठी दुसरी दिली, आणि सोबतच्या पोरांना देताना बघितलं. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूरकडच्या मराठी माणसाला यात काही अडचणी अशा येतात, ज्या पुण्यातल्या माणसाला येत नाहीत. त्या कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात, म्हणून हे सविस्तर.

१. आधी एक ओळ लिहा: चाचणी कशासाठी?

"मला स्वतःला ओळखायचंय" ही ओळ चालणार नाही. तिचं उत्तर कुठलीही चाचणी देणार नाही. ओळ अशी हवी: "हाताखालच्या माणसाला चूक सांगायची वेळ आली की मी टाळतो, ते का?" किंवा "दरवेळी सुरुवात जोरात होते आणि महिनाभरात काम अर्धवट पडतं." किंवा "घरात माझ्याशी बोलायला पोरं कचरतात." अशी ओळ असली की रिपोर्टमधलं काय वाचायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

ही ओळ लिहिताना कदाचित लक्षात येईल की तुम्हाला दुसरंच काहीतरी हवंय. दहावी-बारावीच्या मुलासाठी शाखा निवडायची असेल तर स्वभावाची चाचणी पुरणार नाही. त्याला आवड बघणारी कल चाचणी आणि कुवत बघणारी अभिक्षमता चाचणी लागते. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेले कामाच्या आवडीचे सहा प्रकार आजही कल चाचण्यांत वापरतात. मराठीतून असं काम करणाऱ्यांत पुण्याची ज्ञान प्रबोधिनी जुनी संस्था आहे, १९६२ सालची.

आणि झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जीव नकोसा वाटतोय, असं असेल तर चाचणीच्या नादाला लागूच नका. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, आणि आपल्याला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे. स्वभावाची चाचणी आजार ओळखत नाही.

२. कुठली चाचणी निवडायची

तीन नावं तुमच्या कानावर नक्की येणार.

पहिलं डिस्क. कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये बहुतेक हीच असते. विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली माणसाच्या वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर धडक मारणारा, माणसं जोडणारा, सांभाळून घेणारा आणि नियम-तपशील धरणारा. मार्स्टनने स्वतः प्रश्नावली केलीच नव्हती; ती नंतर वॉल्टर क्लार्क आणि इतरांनी केली. आज वेगवेगळ्या कंपन्या आपापली डिस्क विकतात, त्यामुळे एका डिस्कचा रिपोर्ट दुसऱ्या डिस्कशी जुळेलच असं नाही. बरेच ट्रेनर चार तऱ्हांना लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंग देतात. आमच्या ट्रेनरने फळ्यावर "लाल-पिवळा" लिहिल्याबरोबर हॉलमध्ये जी खसखस पिकली, ती बाहेरून आलेल्या त्या माणसाला शेवटपर्यंत कळली नाही. कन्नड झेंडा याच दोन रंगांचा, त्यामुळे बेळगावात त्या दोन रंगांचा विषय वेगळा आहे! असो. डिस्कचा फायदा एवढाच, की आठ-दहा माणसांच्या टीमला एकमेकांबद्दल बोलायला सोपे शब्द मिळतात. त्यापलीकडे तिच्याकडून फार मागू नये.

दुसरं एमबीटीआय, जिचा निकाल चार इंग्रजी अक्षरांत येतो. कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या प्रकारांवर कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती बेतली. माणसांचे १६ प्रकार. वाचायला फार गोड लागते, कारण प्रत्येक प्रकाराचं चांगलंच लिहिलेलं असतं. अडचण अशी की ती माणसाला या बाजूला नाहीतर त्या बाजूला ढकलते. बहुतेक माणसं मधोमध असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, आणि मग माणूस विचारतो, "मी बदललो की काय?" ही चाचणी चालवणारी संस्थाच सांगते की नोकरभरतीत ती वापरू नये. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरं बिग फाइव्ह. माझं मत विचाराल तर स्वतःसाठी द्यायची असेल तर ही. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाच्या वर्णनाचे सुमारे १८,००० शब्द काढले. पुढच्या संशोधकांनी त्यांची छाटणी केली, कुठले गुण एकत्र सापडतात ते आकडेमोडीने तपासलं, आणि वेगवेगळ्या लोकांना पुन्हा पुन्हा पाचच गट मिळत गेले: नव्याची ओढ, नेटकेपणा आणि जबाबदारी, बहिर्मुखता, जुळवून घेणं, आणि भावनांची चढउतार. यात "तुम्ही अमुक प्रकारचे" असा शिक्का बसत नाही. पाच पट्ट्यांवर तुम्ही कुठे आहात ते दिसतं. लुईस गोल्डबर्ग यांनी जमवलेला आयपीआयपी नावाचा प्रश्नसंच सर्वांना खुला आहे, त्यावरची १२० प्रश्नांची चाचणी इंटरनेटवर फुकट देता येते. पैसे मोजायची गरज नाही.

एनिअग्रॅम वगैरे, माणसाला एक ते नऊपैकी आकडा देणारे प्रकार गप्पांना बरे. त्यावर निर्णय घेऊ नका.

३. लागणारं सामान

- एक वही. मोबाईलमधली नोट नको. ती तुम्ही पुन्हा उघडत नाही.
- अर्धा-पाऊण तास, मध्ये कुणी हाक न मारता. रात्रपाळी करून आल्यावर किंवा भांडण झाल्यावर बसू नका.
- एक वेगळा ईमेल आयडी. कामाचा किंवा बँकेला जोडलेला देऊ नका.
- तुम्हाला निरनिराळ्या जागी बघणारी दोन-तीन माणसं. त्यांचं काम सातव्या पायरीला आहे.
- प्रश्न इंग्रजीत असतील आणि इंग्रजी कच्चं असेल तर सोबत बसून अर्थ सांगणारं कुणीतरी. अर्थ त्याने सांगायचा, उत्तर तुम्ही द्यायचं.

आधार, पॅन, मार्कलिस्ट यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर तिथून उठा.

४. उत्तर देणारे "तुम्ही" कुठले, ते ठरवा

या पायरीवर थांबून वाचा. आपल्या भागात रिपोर्ट चुकतो तो इथे.

प्रश्न असे असतात: "अनोळखी लोकांत मी गप्प असतो." "मी पटकन पुढाकार घेतो." "मी स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही." आता हुक्केरी तालुक्यातल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा घ्या. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मीटिंगमध्ये त्याच्याशिवाय कुणाला बोलायला मिळत नाही. तोच मुलगा तहसीलदार कचेरीत उताऱ्यासाठी गेला की खिडकीपाशी खाली मान घालून उभा, कारण कन्नड समजतं खरं, पण बोलताना जीभ अडते. आणि इंग्रजीत चालणाऱ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो तिसराच कुणीतरी असतो. "मी अनोळखी लोकांत गप्प असतो" याला त्याने काय उत्तर द्यायचं?

बहुतेक जण अशा वेळी सगळ्यात अवघड प्रसंग आठवतात आणि "होय, गप्प असतो" टिक करतात. रिपोर्ट येतो: अंतर्मुख, पुढाकार कमी. मग माणूस ते मनाला लावून घेतो आणि सेल्सच्या कामाला अर्जच करत नाही. त्या मुलाच्या स्वभावात काही कमी नव्हतं, कमी होतं ते कन्नड. चार महिने रोज अर्धा तास बोलायचा सराव केला की सुटणारी गोष्ट जन्माचा स्वभाव म्हणून कपाळी मारून घेऊ नका.

खडे बाजारातल्या एखाद्या कापड दुकानात तासभर उभे राहा. तोच दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत थट्टा करतो, दुसऱ्याशी कन्नडमध्ये मोजकं बोलतो, गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणीत भाव जुळवतो. भाषा बदलली की आवाजाची पट्टी, हसणं, घासाघीस, सगळंच थोडं बदलतं. त्याला एकच चाचणी देऊन "तू असा आहेस" म्हणणं म्हणजे त्या तिघांची सरासरी काढणं.

उपाय सोपा आहे. चाचणी सुरू करायच्या आधी वहीत वरच लिहा: "ही उत्तरं कामावरच्या माझ्याबद्दल" किंवा "घरातल्या माझ्याबद्दल". मग प्रत्येक प्रश्नापुढे मनात ती जागा जोडा: "कामावर मी पटकन पुढाकार घेतो." हा माझ्या डोक्यातला जुगाड नाही. १९९५ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत प्रत्येक वाक्याला शिक्षणाची जागा जोडून बघितली, तेव्हा त्या उत्तरांचा परीक्षेतल्या गुणांशी जास्त चांगला मेळ बसला.

वेळ असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी दोनदा द्या, एकदा कामावरचे तुम्ही, एकदा घरातले. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की जिथे आकडे जुळतात तो बराचसा तुमचा स्वभाव. जिथे मोठा फरक आहे तिथे आधी भाषा, मग तिथली माणसं, मग तुमचा हुद्दा, अशा क्रमाने कारण शोधा.

५. टिक करताना

प्रत्येक प्रश्नाला गेल्या दोन-तीन महिन्यांतला एक प्रसंग आठवा. प्रसंग आठवला नाही तर तुम्ही तसे असावं असं तुम्हाला वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. सगळीकडे मधला गोल भरू नका, रिपोर्ट बेचव येतो. काही प्रश्न उलटे फिरवून पुन्हा विचारलेले असतात. गोंधळू नका, आणि मागे जाऊन उत्तरं जुळवत बसू नका. शेजारी बसून "अगं, तू अशी नाहीस!" म्हणणाऱ्याला चहा करायला पाठवा.

६. रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्ट वाचून अंगावर काटा येतो. "हे तर तंतोतंत मीच!" तिथेच सावध व्हा.

१९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाला त्याचा "स्वतंत्र" रिपोर्ट दिला. किती अचूक आहे, पाचपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. "तुमच्यात अजून न वापरलेली बरीच क्षमता आहे" हे वाक्य कुणाला लागू पडत नाही?

म्हणून रिपोर्टची छापील प्रत काढा आणि पेन घेऊन बसा. जे वाक्य तुमच्या चुलतभावालाही तसंच्या तसं लागू पडेल, त्यावर काट मारा. जे वाक्य ऐकून तुमच्या ओळखीचा एखादा माणूस "छे, मी असा नाही" म्हणेल, त्याखाली रेघ ओढा. कामाची तीच. बऱ्याच रिपोर्टात अशा रेघा थोड्याच निघतात, आणि तेवढ्या पुरतात.

मग आकडे. "बहिर्मुखता ३५" म्हणजे शंभरपैकी पस्तीस गुण नव्हे. बहुतेक रिपोर्टात त्याचा अर्थ असा असतो की ज्यांच्याशी तुलना केली त्या शंभरातले साधारण पस्तीस जण तुमच्या खाली आहेत. ते शंभर कोण? फुकटच्या बहुतेक चाचण्यांत इंटरनेटवर इंग्रजीत उत्तरं देणारे परदेशी लोक. गोकाकमधला साधा बोलका माणूस त्यांच्या रांगेत कुठे उभा राहील, याचा विचार करून मगच आकड्यावर खूश किंवा नाराज व्हा.

आणि बारीक फरकावर भांडू नका. आमच्याकडे मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याला मोजता येणारा सगळ्यात लहान फरक, जेवढा, त्याखालचा फरक मोजमापात धरत नाहीत. इथेही एकदा ४८ आणि नंतर ५५ आलं, तर काहीही बदललेलं नाही. २० चे ६० झाले तर बोलू.

७. आता दुसऱ्याला विचारा

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली जोहरी खिडकी मांडली. जो आणि हॅरी ही दोघांची छोटी नावं जोडून ते नाव झालं, आपल्याकडच्या जोहरींशी त्याचा संबंध नाही. तिच्या चार कप्प्यांतला एक कप्पा असा, की जगाला दिसतो आणि आपल्यालाच दिसत नाही. सिमीन वझीर या संशोधिकेने २०१० साली दाखवलं की मनातली घालमेल, चिंता याबद्दल माणूस स्वतः जास्त बरोबर सांगतो. पण हुशारी, कल्पकता अशा मिरवण्यासारख्या गुणांबद्दल मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघतो.

विचारायचं कसं, हा आपल्याकडे खरा पेच. "मी कसा आहे ओ?" विचारलं तर उत्तर येणार, "चांगलाच आहेस की! काय झालं?" आणि विषय जेवणावर जाणार. म्हणून स्वभाव विचारायचाच नाही, प्रसंग विचारायचा:

"आक्का, गेल्या महिन्यात मी तुझं बोलणं मध्येच तोडलं असं कधी झालं काय?"

"अण्णा, मी एखादं काम घेतो म्हणालो आणि केलं नाही, असं आठवतंय काय तुम्हाला?"

मोठ्यांना विचारताना चारचौघांत नको, एकटे असताना. हाताखालच्या माणसाला विचारूच नका. तो खरं सांगणार नाही आणि त्यात त्याची चूक नाही. बायकोला विचारणार असाल तर आधीच ठरवा की उत्तर ऐकल्यावर "पण तू सुद्धा..." म्हणायचं नाही. हे पाळता येणार नसेल तर विचारू नका. घरात शांतता राहिलेली बरी.

त्यांनी सांगितलेला प्रसंग वहीत लिहा, रिपोर्टमधल्या रेघ ओढलेल्या वाक्यापुढे. दोन्ही एकमेकांशी जुळले तर पकडण्यासारखं काहीतरी सापडलं.

८. एकच वागणं धरा

"मला जास्त नेटकं व्हायचंय" हा संकल्प पाडव्याला करतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत विसरतात. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलेली रीत जास्त उपयोगी आहे: "अमुक झालं, की मी तमुक करीन." प्रसंग आधी बांधायचा, वागणं त्याला जोडायचं.

- "माल रिजेक्ट झाला, की फोन करायच्या आधी मी मशीनपाशी जाऊन ऑपरेटरचं ऐकून घेईन."
- "बँकेत माझा नंबर आला, की पहिलं वाक्य मी कन्नडमध्ये बोलेन, पुढचं जमेल त्या भाषेत."
- "भिशीच्या बैठकीत हिशोबावर वाद सुरू झाला, की मी वही उघडून आकडा वाचेन आणि गप्प बसेन."

वागणं इतकं लहान हवं की ते झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. वहीत रोज तेवढंच लिहायचं. २०१९ साली नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी १५ आठवड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला: विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला स्वभाव बदलण्यासाठी छोटी कामं निवडायची. ज्यांनी ती पार पाडली त्यांच्यात बदल दिसला. ज्यांनी नुसती निवडली, त्यांच्यात नाही. निवडताना सगळ्यांनाच बरं वाटलं असणार.

९. जिथे फसतात

*बोटांच्या ठशांची चाचणी.* शाळेत किंवा हॉलमध्ये शिबिर लावून मुलांच्या दहा बोटांचे ठसे घेतात आणि स्वभाव, बुद्धी, करिअर सगळं सांगतात. नाव डीएमआयटी. ठशांवरून यातलं काहीही कळतं याला शास्त्रीय आधार नाही. पैसे जातात, आणि "तुझ्या बोटांत गणित नाही" हे वाक्य पोराच्या डोक्यात बसतं. ठसेही परक्या माणसाकडे राहतात ते वेगळंच.

*शिक्क्याच्या आड लपणं.* "मी डी टाइप (डिस्कमधला धडक मारणारा) आहे, मी ओरडणारच." ट्रेनिंगनंतर आमच्या कँटीनमध्ये हे बरेच दिवस चाललं होतं. रिपोर्टने ओरडायचं लायसन्स दिलेलं नसतं.

*नोकरीसाठीची चाचणी.* कंपनीने भरतीत चाचणी दिली तर ती कंपनीच्या कामाची, आत्मशोधाच्या नव्हे. दोन्ही हेतू एकत्र करू नका. खोटं रंगवू नका. पण घरातली भांडणंही तिथे ओतायची गरज नाही, कामावरचे तुम्ही एवढंच उत्तर द्या. रिपोर्टची प्रत मिळेल काय, तो कुणाकुणाला दिसणार, हे आधी विचारा. एमबीटीआयवर भरती होत असेल तर वर सांगितलेलं आठवा.

*लग्नाच्या बायोडेटात एमबीटीआयची चार अक्षरं.* हल्ली हेही बघायला मिळतं. पत्रिका काय कमी होती?

*फुकट चाचणी, विकत रिपोर्ट.* प्रश्न सोडवून झाल्यावर "पूर्ण निकालासाठी पैसे भरा" येतं. बाहेर पडा. खुला प्रश्नसंच असताना ते पैसे वाया.

१०. पुन्हा कधी द्यायची

लगेच नको. आठव्या पायरीतलं वागणं सहा महिने तरी चालू द्या, वर्ष झालं तर उत्तम. वयाप्रमाणेही माणूस सावकाश सरकतो; साधारणपणे तिशी-चाळिशीत जबाबदारीची पट्टी वर जाते, तेव्हा सगळं श्रेय वहीला देऊ नका. पुन्हा देताना चाचणी तीच, भाषा तीच, आणि वहीत वर लिहिलेली जागाही तीच ठेवा. मागच्या वेळी कामावरचे तुम्ही इंग्रजीत उत्तर दिलं असेल आणि या वेळी घरातले तुम्ही मराठीत दिलं, तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. जुना रिपोर्ट नवी उत्तरं देऊन होईपर्यंत कपाटात ठेवा.